व्हिएतनामी कॉफी: फिन विकत घ्यावा की घरचा फिल्टर चालेल?

घरात दाक्षिणात्य पद्धतीचा स्टीलचा कॉफी फिल्टर असेल, तर वेगळा फिन, म्हणजे व्हिएतनामी पद्धतीचा धातूचा छोटा कॉफी फिल्टर, कशाला, हा प्रश्न रास्त आहे. दोन्हींचं काम एकाच तत्त्वावर चालतं: भोकांच्या तळावर पूड, वर चाळणीची चकती, त्यावर गरम पाणी. फरक आहे तो वेळेचा आणि मापाचा.

फिन एका कपाचा असतो आणि थेट ग्लासवर बसतो. ग्लासात आधी दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क घालायचं. फिनमध्ये साधारण २० ग्रॅम पूड, जाड्या रव्यासारखी. चकती नुसती ठेवायची, दाबायची नाही. उकळून अर्धा मिनिट थांबलेलं पाणी आधी दोन चमचेच ओतायचं. पूड फुगली की आणखी ८० ते १०० मिलि. मग चार-पाच मिनिटं थेंबथेंब. दोन मिनिटांतच सगळं खाली उतरलं तर पूड फार जाड, आणि दहा मिनिटं अडून बसलं तर फार बारीक. फिनच्या चकतीला स्क्रू असलेला प्रकारही मिळतो. तो किती आवळायचा हे हाताला कळायला वेळ लागतो, म्हणून पहिला फिन साधाच घ्यावा.

घरच्या फिल्टरला बारीक पूड लागते आणि डिकॉक्शन, म्हणजे गाळलेली दाट कॉफी, उतरायला निदान वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. तोवर ते कोमट होतं. पण बर्फ घालून प्यायची असेल तर त्याने काय बिघडतं? चार पाहुणे आलेत आणि फिन एकच, अशा वेळी फिल्टरच बरा. गॅसवर ठेवायच्या मोका पॉटनेही जमतं, फक्त रोबस्टा (कॉफीची एक कडसर जात) त्यात सहज जळकट लागते.

खरं तर भांड्यापेक्षा पुडीकडे जास्त लक्ष द्यावं. कॉफी पिकवण्यात व्हिएतनाम ब्राझीलखालोखाल आहे आणि तिथलं बहुतेक पीक रोबस्टाचं, मुख्यतः बुओन मा थुओत शहराभोवतीच्या मध्य पठारावरचं. व्हिएतनामी पुडा मिळाला नाही तर कोडगू किंवा वायनाडचा गडद भाजलेला रोबस्टा घ्या, मात्र चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) नसलेला. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीच्या पुड्यांत बऱ्याचदा चिकोरी असते आणि ती चव थेट मद्रासकडे नेते. तीही छानच, पण ही कॉफी ती नव्हे. साखर वेगळी नको.

एकट्यासाठी रोज करायची असेल तर माझं मत फिनला. फिल्टर घरात आहे आणि थंड कॉफी अधूनमधूनच लागते, तर खर्च टाळा. हनोईची अंड्याची कॉफी करायची हौस असेल, तर मात्र फिन हवाच. १९४६ च्या सुमारास दुधाच्या टंचाईत न्गुएन व्हान ज्यांग यांनी ती तिथे सुरू केली. कंडेन्स्ड मिल्कमध्ये फेटलेला बलक वर घालायचा, तर खाली कॉफी थोडी, दाट आणि कढत लागते. कोमट डिकॉक्शनवर बलकाचा कच्चा वास येत राहतो.