टेली मानस 14416 चा माझा अनुभव

दादाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, संशय येणं असा मानसिक आजार, पाच वर्षं झाली. मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान पण घरात मोठा मीच असल्यासारखं झालंय, त्याचा राग येतो, भीती पण वाटते आणि तो दोन दिवस नीट बोलला की परत जीव अडकतो. मागच्या वर्षी माझी नोकरी गेली, तेव्हापासून झोप नाही, त्यात त्याने गोळ्या सोडल्या. कुणीतरी आईला सांगितलं चहात घाला, कळणार पण नाही. मग रोज ओट्यापाशी उभं राहून चमच्याच्या पाठीने गोळी बारीक करायची आणि साखर एक चमचा जास्त टाकायची, हे काम माझ्याकडे.

आणि दादा म्हणायचा तुम्ही माझ्या चहात काहीतरी टाकता. आम्ही नातेवाईकांना सांगायचो, आजारामुळे संशय घेतो. अरे पण टाकत तर होतोच ना! एक दिवस त्याने कप माझ्यापुढे सरकवला, आधी तू पी म्हणाला. मी नाही प्यायलो. काही न बोलता आत गेला आणि कडी लावून घेतली.

त्या रात्री दोन वाजता गच्चीवर जाऊन 14416 लावला. टेली मानस म्हणजे मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारची फोनवरची सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून, चोवीस तास, फुकट, भाषा निवडता येते. मराठी बोलणाऱ्या ताई मिळाल्या. सुरुवातीला मी नुसता रडत होतो, त्यांनी अजिबात घाई केली नाही. मग स्पष्ट सांगितलं, चोरून गोळी देणं बंद करा, नाहीतर उद्या तो तुमच्या हातचं पाणी पण घेणार नाही. गोळी नकोच म्हणत असेल तर महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा, त्याच्यासमोर विचारा. त्याला आवाज ऐकू आले तर वाद घालू नका, हो ला हो पण करू नका, भीती वाटतेय का एवढं विचारा. माझ्या झोपेसाठी मलाही सिव्हिलच्या मनोविकार ओपीडीत जायला सांगितलं, मी गेलो.

घरात कुणी अंगावर धावून येत असेल तर मात्र आधी 112 लावा, 14416 हा बोलण्यासाठी आहे.

इंजेक्शन सुरू होऊन तीन महिने झाले. चहाचं सगळं मी दादाला सांगून टाकलं, आठ दिवस बोलला नाही माझ्याशी. आता चहा तोच करतो, दोघांचा. माझी भीती अजून पूर्ण गेली नाहीये, पण पितो.