गॅस ग्रिल, आठ महिन्यांनंतर : ग्रिल चांगलं, सर्व्हिस वाईट आणि तो ट्रे

सहाव्या महिन्यात ग्रिल तापेनासं झालं. तिन्ही बर्नर पूर्ण सोडलेले, झाकण बंद, वीस मिनिटं उलटली तरी झाकणावरचा काटा १२० अंशांच्या पुढे सरकेना. आदल्या आठवड्यात हेच ग्रिल पंधरा मिनिटांत २५० गाठत होतं. सिलिंडर नुकताच बदललेला, म्हणजे गॅस संपल्याचा प्रश्न नव्हता. वाकून आत पाहिलं तर ज्योत निळीच होती, पण अगदी बुटकी, बर्नरच्या भोकांना चिकटलेली.

सर्व्हिसला तीनदा फोन केला. फोटो मागितले, पाठवले. उत्तर आलं : बर्नर गंजलेत, तिन्ही बदलावे लागतील, वॉरंटीत बसत नाही. बर्नर स्टेनलेस स्टीलचे आहेत आणि मी दर महिन्याला काढून पुसतो, गंजाचा एक ठिपका नाही. प्रत्यक्ष कोणी बघायला या म्हटलं तर त्याचेही पैसे वेगळे. सहा महिन्यांच्या वस्तूवर पुन्हा तेवढा खर्च करायला मी तयार नव्हतो. त्या रात्री ‘हे ग्रिल अजिबात घेऊ नका’ असं लिहूनही ठेवलं होतं. बरं झालं, टाकलं नाही.

कारण दोष बर्नरचा नव्हताच, रेग्युलेटरचा होता. खरं तर त्याचाही नाही, तो त्याचं काम चोख करत होता. या ग्रिलच्या रेग्युलेटर-जोडणीत एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. नळी फाटली किंवा निसटली तर गॅस एकदम सुसाट वाहतो. तसा प्रवाह जाणवला की हा व्हॉल्व्ह वाट आवळतो आणि अगदी थोडा गॅस पुढे जाऊ देतो. बर्नरचा नॉब आधीच उघडा असेल आणि सिलिंडर झटक्यात सोडला, तरी त्याला नळी फुटल्यासारखंच वाटतं. सिलिंडर बदलला त्या दिवशी घाईत मी नेमकं तेच केलं होतं.

उपाय फुकटचा निघाला. सिलिंडर बंद केला, रेग्युलेटर काढला, सगळे नॉब मिनिटभर उघडे ठेवले आणि मग बंद केले. रेग्युलेटर परत जोडून सिलिंडरची चावी अगदी हळू फिरवली, थोडं थांबलो, मग पहिला बर्नर पेटवला. ज्योत पूर्ववत. पंधरा मिनिटांत २५०. ही माहिती पुस्तिकेत आहे, पण जोडणीच्या चित्रांखाली बारीक अक्षरात, एका ओळीत. सर्व्हिसच्या माणसाने पहिल्या फोनवर एवढंच विचारलं असतं की ‘सिलिंडर कसा सोडलात?’, तर माझा पंधरवडा वाचला असता. त्यामुळे ग्रिलबद्दलचं मत बदललं, सर्व्हिसबद्दलचं नाही.

रेग्युलेटर काढून लावलात की साबणाच्या पाण्याची परीक्षा कराच. मी भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशने जोडावर लावतो, सगळे नॉब बंद ठेवून सिलिंडर उघडतो आणि बघत बसतो. एकदा नटाच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, परत तिथेच आला. वास अजिबात नव्हता. सिलिंडर बंद करून जोड पुन्हा घट्ट बसवला, परत फेस लावला, तेव्हा थांबला. पेटवताना झाकण उघडं हवंच. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठतो. झाकण मिटून ठिणगी दिलीत तर साठलेला गॅस एकदम भडकतो. चार-पाच सेकंदांत पेटलं नाही तर नॉब बंद, झाकण उघडंच आणि पाच मिनिटं वाट बघायची. लगेच पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. ग्रिल भिंतीपासून लांब, मोकळ्या हवेत ठेवा. पाऊस आला म्हणून बंद गॅरेजमध्ये तर कधीच पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शिजवण्याच्या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे, एक गोष्ट सोडून. झाकणावरचा तापमापक झाकणाजवळची हवा मोजतो, मांस नव्हे. दुसऱ्याच महिन्यात कोंबडीच्या तंगड्या बाहेरून खरपूस झाल्या म्हणून उतरवल्या. हाडापाशी कापलं तर मांस चकचकीत, कच्चं. तेव्हापासून सुईचा तापमापक वापरतो. कोंबडी आतून ७४ अंश सेल्सिअस, खिम्याच्या टिक्क्या ७१. सुई सर्वांत जाड भागात घालायची, हाडाला टेकू द्यायची नाही. ती बरोबर दाखवते का हे बघायला बर्फाच्या पाण्यात बुडवा, शून्य यायला हवं. आता मी एका बाजूचा बर्नर बंदच ठेवतो. आधी पेटलेल्या बाजूला रंग आणायचा, मग तुकडे बंद बाजूला सरकवून झाकण लावायचं. आतपर्यंत शिजतं आणि चरबी थेट ज्योतीवर गळत नाही.

जाळी साफ करायला सोबत आलेला तारांचा ब्रश मी टाकून दिला. त्याची तुटकी तार जाळीला चिकटते आणि तिथून घासात जाते. चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा चिमट्यात धरून गरम जाळीवर घासला की काम होतं.

आता ट्रे. चरबी गोळा करणारा हा ट्रे ज्याने बनवला, त्याने त्यावर एकदाही कोंबडी भाजलेली नसावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पट्टीने मोजलं, खोली जेमतेम २ सेंटिमीटर. कड सरळ उभी, पकडायला जागा नाही. बाहेर ओढायला गुडघ्यांवर बसावं लागतं आणि ओढताना तो मध्ये अडकून हिसका बसतो, की पुढच्या कडेवरून तेल सांडतं. पातेल्याच्या साध्या झाकणालाही याहून बरी कड असते! आणि प्रश्न नुसत्या घाणीचा नाही. चौथ्या महिन्यात साचलेल्या चरबीने पेट घेतला. झाकणाच्या फटीतून पिवळ्या ज्वाळा आणि काळा धूर. नॉब बंद केले, झाकण मिटलेलंच ठेवलं, सिलिंडर बंद केला आणि लांब उभा राहिलो. आपोआप विझायला दहा मिनिटं लागली. शेजारी कोणीतरी बादली घेऊन धावत आलं, त्यांना अडवलं. पेटत्या तेलावर पाणी टाकलं की ते क्षणात वाफ होऊन जळतं तेल चहूकडे उडवतं.

कंपनीला मोजमापांसह दोनदा लिहिलं की ट्रे ५ सेंटिमीटर खोल करा, पुढे मूठ लावा. ‘सूचना नोंदवली आहे’ एवढंच उत्तर. तोवर मी ट्रेमध्ये फॉइल अंथरतो, फक्त ट्रेमध्ये. ग्रिलच्या तळावर अंथरलं तर चरबीचं भोक बुजतं आणि हवाही अडते. दर वेळी ग्रिल पूर्ण गार झाल्यावर, झाकण लावायच्या आधी ट्रे रिकामा करतो. पाचपैकी तीन तारे. कापलेले दोन्ही तारे एकट्या सर्व्हिसचे नाहीत. एक सर्व्हिसचा, एक ट्रेचा, आणि ट्रे बदलून मिळाला तर त्याचा तारा मी त्याच दिवशी परत देईन.