खोक्यावर २४०० वॅट, प्रत्यक्षात दीडशेसुद्धा नाहीत

गाडीतले स्पीकर आणि सबवूफर (खालच्या बेसचा मोठा स्पीकर) चालवायला ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, घेणार असाल, तर खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा बघून पैसे देऊ नका. पुण्यात एका ॲक्सेसरीजच्या दुकानात मला फसवलं गेलं ते त्या आकड्यावरून. प्रकरण नुसत्या खराब आवाजावर थांबलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. दुकानाने जी वायर टाकून दिली होती, तिच्यामुळे गाडी पेटू शकली असती.

माझी गरज साधी होती. दारांमधले स्पीकर प्रत्येकी ५० वॅट आरएमएसचे (आरएमएस म्हणजे सलग पेलणारी खरी ताकद), आणि १२ इंची सबवूफर ३०० वॅट आरएमएस, ४ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). दुकानदार म्हणाला, "दादा, हा फोर चॅनेल घ्या. २४०० वॅटचा आहे. पुढचे दोन स्पीकर दोन चॅनेलवर, उरलेले दोन ब्रिज करून सबवूफरला. मागचे स्टिरिओवरच राहू देत." ब्रिज म्हणजे दोन चॅनेल जोडून त्यांची ताकद एकाच स्पीकरला देणं. ही जोडणी चुकीची नव्हती, बरेच जण अशीच करतात. डेमो बोर्डवर त्याने वाजवून दाखवला तेव्हा काचा थरथरल्या. घरी दाखवायला मी त्याचा व्हिडिओ काढला, तो पुढे फार कामाला आला. वायरिंग आणि फिटिंग धरून १४,५०० रुपये झाले. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वरून लागेल" म्हणाला आणि चिठ्ठीवर नुसती रक्कम लिहून दिली.

गाडीत आवाज तसा आलाच नाही. बेसचा ठोका पडायच्या जागी फरफर व्हायची, रात्री हेडलाइट ठोक्यागणिक मंद व्हायचे आणि थोड्या वेळात ॲम्पवरचा प्रोटेक्टचा लाल दिवा लागून सगळं बंद पडायचं. दुकानाच्या फिटरने त्यावर उपाय म्हणून गेन पूर्ण फिरवून ठेवला. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि ॲम्पचा इनपुट यांचा मेळ घालण्यासाठी तो असतो. तो वाढवून ॲम्पची ताकद वाढत नाही, फक्त आवाज लवकर फाटतो.

शेवटी तपकीर गल्लीतल्या एका जुन्या कारागिराकडे ॲम्प नेला. त्यांनी स्पीकरच्या जागी ४ ओहमचा लोड रेझिस्टर लावला, स्कोपवर (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लहर वरून कापली जायला लागते तिथपर्यंत आवाज वाढवला आणि व्होल्टेज मोजलं. एका चॅनेलवर १२ व्होल्ट. १२ गुणिले १२, भागिले ४, म्हणजे ३६ वॅट. चारही चॅनेल मिळून १४४. ब्रिज करून सबवूफरच्या वाट्याला २० व्होल्ट, म्हणजे १०० वॅट आले. माझा सबवूफर ३०० वॅटचा! वरची ॲल्युमिनियमची बॉडी एवढी लांबलचक, आणि आत जवळजवळ अर्धी जागा रिकामी.

काका म्हणाले, "उघडायचीही गरज नव्हती. फ्यूज बघायचा." माझ्या ॲम्पवर २५ अँपिअरचा एकच फ्यूज होता. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. २५ गुणिले १४.४ म्हणजे ३६० वॅट, आणि हे आत जाणारे. ॲम्पच्या सर्किटचे प्रकार असतात. क्लास एबी ॲम्प त्यातला निम्मा भाग, फार तर थोडा जास्त, स्पीकरला देतो. बाकीची उष्णता होते. क्लास डी असेल तर ७५-८० टक्के धरा. म्हणजे २४०० वॅट त्या फ्यूजमधून सलग जाणंच शक्य नाही. हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या फोनवर करता येतो. मोठा फ्यूज असला म्हणजे ताकद असेलच असं नाही, पण छोटा असेल तर ती नक्कीच नाही.

मग व्हिडिओ पुन्हा पाहिला. डेमो बोर्डवरच्या ॲम्पची बॉडी हुबेहूब तशीच, पण त्यावर ३० अँपिअरचे दोन फ्यूज स्पष्ट दिसत होते. मला वाजवून दाखवलेला ॲम्प एक, गाडीत बसवलेला दुसरा. बसवताना समोर उभं राहा आणि ज्याचा आवाज ऐकलात त्याचाच मॉडेल नंबर आहे ना, ते बघा. आरएमएस किती, किती ओहमला, आणि किती व्होल्टला, हे तिन्ही माहितीपत्रकात हवं. सीईए-२००६ या कार ॲम्पची ताकद मोजायच्या मानकाप्रमाणे मोजलेला आकडा १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापर्यंत डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) याच अटींवर दिलेला असतो. "मॅक्स" आणि "पीक" यांना असा काहीच धरबंध नसतो.

आता वायर. चार गेजची (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचं माप) म्हणून दिलेली वायर बाहेरून जाडजूड होती, पण ती जाडी सगळी प्लॅस्टिकची. चार गेजमध्ये २१ चौरस मिलिमीटर धातू हवा, यात जेमतेम ८ होता. ब्लेडने तार खरवडली तर आत पांढरी: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. हेडलाइट मंद होण्याचं मोठं कारण हेच होतं. पण मला खरी धडकी भरली ती या वायरीवरचा वेगळा फ्यूज पाहून. तो बॅटरीजवळ नव्हताच, डिकीत ॲम्पजवळ लावला होता. इंजिनच्या मागच्या पत्र्यातून वायर आत घेतली होती तिथे रबरी ग्रोमेटही (भोकाच्या कडेला बसवायची रबरी कडी) नाही, पत्र्याची धार थेट वायरीवर. तिथे प्लॅस्टिक घासून शॉर्ट झाला असता, तर डिकीतला फ्यूज काहीच करू शकला नसता, कारण बॅटरीपासून पत्र्यापर्यंत मध्ये फ्यूजच नाही. गाडीची बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तुमच्या गाडीत आधीच ॲम्प असेल तर आजच बॉनेट उघडून बघा.

दुकानदाराने आधी "वापरलेला माल परत घेत नाही" म्हणून हात झटकले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. यूपीआयची नोंद, तो व्हिडिओ आणि कारागिराने लिहून दिलेली मापं, एवढा पुरावा माझ्याकडे होता. ॲम्पचे पैसे त्याने परत केले. वायरीचे आणि फिटिंगचे द्यायला नकार दिला आहे, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार तयार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते.