शिक्षकाचा हात कुठे थांबतो: एका सामुदायिक कलाकेंद्राच्या कार्यशाळांविषयी

मुले आणि मोठी माणसे यांना एकाच टेबलाभोवती बसवून हाताने काही करायला लावणाऱ्या कार्यशाळांची पारख मी एका साध्या कसोटीवर करतो. सहभागी माणसाचे काम बिघडू लागले की शिक्षक काय करतो, हे मी पाहत राहतो. त्याच्या हातातली वस्तू काढून घेऊन ती स्वतः नीट करून देणारा शिक्षक घरी न्यायला देखणी वस्तू देतो खरा, पण ती त्याचीच असते. घराजवळच्या एका सामुदायिक कलाकेंद्रात मुलीबरोबर मातीकाम, लिनोकट (लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर चित्र कोरून त्याचा छाप घेणे), सायनोटाइप (उन्हाच्या साहाय्याने कागदावर निळे चित्र उमटवणे) आणि जलरंग या कार्यशाळांना बसल्यानंतर, या कसोटीवर त्यांचा दर्जा सारखा नाही, असे माझे मत झाले आहे. मातीकाम उत्कृष्ट आहे, लिनोकट त्याच्या जवळपास पोचतो, सायनोटाइप आनंदाचा आहे आणि जलरंगाची कार्यशाळा आहे तशी मुळीच घेऊ नये.

मातीकामाच्या ताईंची पद्धत लक्षात राहण्याजोगी आहे. मुलीच्या हत्तीचा पाय दुसऱ्यांदा गळून पडला, तेव्हा त्यांनी तो चिकटवून दिला नाही. त्यांनी मातीचा एक वेगळा गोळा घेतला, त्याच्या पृष्ठभागावर काट्याने आडव्याउभ्या रेघा ओढल्या, पाण्यात कालवलेली पातळ माती त्या रेघांवर लावली, दुसरा तुकडा त्यावर दाबून किंचित फिरवला आणि तो जोड हलवून दाखवला. मग तो नमुना मोडून पुन्हा मातीत मिसळला आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. हत्तीचा पाय मुलीने स्वतः बसवला आणि तो थोडा तिरका बसला. तो तसाच भाजला गेला, आणि माझ्या मते या कार्यशाळेची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच आहे.

भाजण्यापूर्वी हत्तीचे पोट आतून पोकळ करून तळाशी बारीक छिद्र पाडण्याचे कारणही त्यांनी मुलांना कळेल अशा शब्दांत सांगितले. वरून कोरड्या दिसणाऱ्या जाड मातीच्या आत पाणी राहते, भट्टीचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याची वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वाट नसेल तर वस्तू फुटते व शेजारच्यांच्या वस्तूही खराब करते. म्हणूनच हे केंद्र मातीकाम एका दुपारी उरकत नाही. घडवणे, संथपणे सुकवणे, साधारण १००० अंशांवर पहिली भाजणी, झिलई म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप आणि पुन्हा भाजणी एवढे टप्पे असल्यामुळे सहभागींना ठरावीक अंतराने पुन्हा बोलावले जाते. ज्यांना त्याच दिवशी वस्तू घरी न्यायची असते, त्यांना हे त्रासाचे वाटते. सुकणे आणि भाजणे मिळून वस्तू दहा टक्क्यांच्या आसपास आक्रसते, हे मात्र आधीच स्पष्टपणे सांगितले जात नाही, त्यामुळे मापाचे झाकण करू पाहणाऱ्या प्रौढांची निराशा होते.

आणखी एक गोष्ट मला विशेष भावली. वर्ग संपल्यावर टेबले आणि जमीन ओल्या स्पंजाने पुसली जातात. झाडू वापरायला सक्त मनाई आहे, कारण सुक्या मातीच्या धुळीतील सिलिका वर्षानुवर्षे श्वासातून आत गेल्यास फुप्फुसांना अपाय होतो. ज्या केंद्रात पुसणे हाही शिकवण्याचा भाग मानला जातो, तिथे मूल सोडून जायला मन धजावते.

लिनोकटच्या वर्गात मुलांपेक्षा मोठ्यांची पंचाईत अधिक होते. कोऱ्या लिनोलियमसमोर मुले लगेच कोरायला लागतात, मोठी माणसे मात्र ‘मला चित्र काढता येत नाही’ असे म्हणून हात आखडता घेतात. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांच्या विकासाचे जे टप्पे मांडले, त्यांत साधारण नवव्या वर्षापासून मूल आपले चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहू लागते, असा एक टप्पा आहे. पुष्कळांचे चित्र काढणे त्याच सुमारास थांबते आणि मग चाळिशीत येऊन त्यांना पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागते. हा अडसर ओलांडायला लिनोकट चांगला उपयोगी पडतो, कारण त्यात बारीक छटा आणि हुबेहूबपणा यांना फारसा वावच नसतो. काय काळे ठेवायचे आणि काय कोरून पांढरे करायचे, एवढाच निर्णय घ्यावा लागतो. १८९७ मध्ये व्हिएन्नात मुलांसाठी कलावर्ग सुरू करणाऱ्या फ्रान्झ चिझेक यांनी हे माध्यम मुलांच्या हाती दिले, यात मला नवल वाटत नाही.

येथील सरांनी सुरक्षेची बाजू नीट सांभाळली आहे. लिनो अडकवायला टेबलाच्या कडेला फळी असते, कोरणीची दिशा नेहमी शरीरापासून दूर ठेवायला लावतात आणि दुसरा हात पात्याच्या मागेच असला पाहिजे, यावर ते एकेकाजवळ थांबून लक्ष देतात. कडक झालेला तुकडा हातात धरून किंवा उबेला ठेवून मऊ करायला शिकवतात, त्यामुळे लहानग्यांना जोर लावावा लागत नाही. एका मुलाने आपले नाव सरळ कोरले आणि छापल्यावर ते उलटे आले, तेव्हा सर आधी काही बोलले नव्हते, हे माझ्या लक्षात आले. मुलगा क्षणभर हिरमुसला, मग कागद उजेडासमोर धरून मागून वाचू लागला आणि पुढचे अक्षर त्याने आपण होऊन उलटे आखले. तक्रार एकच आहे: शाई पसरवायचे रोलर कमी असल्यामुळे रांग लागते आणि तोवर काचेवरची शाई सुकू लागते.

सायनोटाइपविषयी थोडक्यात सांगतो. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेल्या या पद्धतीत लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर पाने-फुले ठेवून तो उन्हात धरतात आणि पाण्याने धुतात. झाकलेला भाग पांढरा राहतो, उरलेला गडद निळा होतो. ॲना ॲटकिन्स यांनी पुढच्याच वर्षापासून शैवालांच्या नोंदी अशाच प्रकारे करायला सुरुवात केली होती. सर्व वयोगटांना जमणारे, हमखास साधणारे हे काम आहे, आणि त्यात शिक्षकाला फारसे काही करावे लागत नाही. ढगाळ दिवशी काय करायचे याची तयारी मात्र केंद्राने ठेवायला हवी. नुसते ताटकळत बसण्यात मुलांचा उत्साह मावळतो.

जलरंगांच्या वर्गात सगळेच बिनसते. दिला जाणारा कागद छपाईच्या साध्या कागदासारखा पातळ आहे. पाणी लागताच तो फुगतो, खळगे पडतात, त्यांत रंग साचतो आणि नवशिक्याला वाटते की आपलाच हात वाईट आहे. दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद अर्ध्या आकारात कापून दिला असता, तरी हा प्रश्न उरला नसता. त्याहून गंभीर बाब अशी, की प्रशिक्षक फळ्यावर डोंगर, सूर्य आणि नदी टप्प्याटप्प्याने रंगवतात आणि सर्वांनी त्यांच्यामागून तेच रंगवायचे असते. कोणाचा सूर्य चुकला, तर ते स्वतःचा कुंचला घेऊन तो दुरुस्त करतात. शेवटी भिंतीवर लावलेली सगळी चित्रे एकमेकांच्या प्रती वाटतात आणि पालक त्यांचे कौतुकाने फोटो काढतात.

व्यवस्थापनाबाबत दोन गोष्टी नावनोंदणीआधी विचारून घ्याव्यात. झिलईची भाजणी शुल्कात धरली आहे का आणि ती झिलई खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी सुरक्षित आहे का, हे सूचनापत्रात लिहिलेले नसते, विचारल्यावर मात्र कळते. तसेच मुलाबरोबर येणाऱ्या मोठ्या माणसाला स्वतःची वेगळी सामग्री मिळते का, याची खात्री करावी, कारण ती मिळाली नाही की तो माणूस मुलाच्या कामात हात घालू लागतो. पुढच्या हंगामासाठी आम्ही मातीकाम आणि लिनोकट ही दोनच नावे दिली आहेत. मुलीला हत्तीला पिल्लू करायचे आहे, आणि मला मापाचे झाकण.