पद्मिनीचं इंजिन ‘स्टेज टू’ करून देणाऱ्यांपासून सावध

जुनी प्रीमियर पद्मिनी ‘पळती’ करून देणारी गॅरेजं आता छत्रपती संभाजीनगरातही निघाली आहेत. त्यातल्या एकानं मला ७० हजारांना गंडवलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण पद्धत लिहितो, कारण बीडकडच्या एका पद्मिनीवाल्यालाही हीच टोपी घातलेली निघाली.

ऑफर ‘स्टेज टू’ची, म्हणजे इंजिनाचे पार्ट बदलून ताकद वाढवण्याची: एक मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, ‘रेसिंग’ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), हेड पॉलिश, उघडा एअर फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर. ताकद म्हणे ३० टक्के वाढणार. आता हिशेब बघा. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिलिमीटर, म्हणून ते १०८९ सीसी. बोअर ६९ केला तरी जेमतेम ११२२. तीन टक्के! बोअरिंग, म्हणजे सिलिंडर कोरून मोठा करणं, हा झिजलेल्या सिलिंडरवरचा इलाज आहे, ताकदीचा नव्हे.

गाडी मिळाली तेव्हा जालना रोडवर खरंच उसळायला लागली होती. खुबी नंतर कळली. डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलेलं, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असं केलेलं, वर सायलेन्सर मोकळा. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतोच. मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना पितळ उघडं पडलं: कडकड नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून इंजिनात होणारा खडखडाट), आणि इंजिन तापून गाडी कडेला.

जालन्यात एक जुने मिस्त्री आहेत, सगळे चाचा म्हणतात. त्यांनी हेड उतरवलं, पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन खरवडला, तर खाली ‘एसटीडी’, म्हणजे मूळ मापाचा, असा शिक्का. म्हणाले, “भाऊ, हे तर कंपनीचेच हायेत. बोअरिंग झालंच नाही.” मग कॅमशाफ्ट काढून त्यांच्याकडच्या जुन्या शाफ्टसोबत डायल गेजवर मोजला. लोबची (शाफ्टवरच्या उंचवट्यांची) उचल तंतोतंत सारखी. नुसता पॉलिश पेपर मारून चमकवलेला! मला सगळ्यात जास्त राग आला तो फिल्टरचा. बॉनेटखालची तापलेली हवा आणि आपल्याकडचा फुफाटा, दोन्ही थेट कार्बोरेटरमध्ये.

काम देण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन समोर उभं राहून मोजून घ्या, आकडे लिहून ठेवा. पिस्टन बसण्याआधी शिक्क्याचा फोटो काढा. जुने पार्ट मागून घ्या. ‘भंगारात गेले’ म्हणाला की समजा. कच्च्या बिलावर तर एक रुपयाही देऊ नका.

पैसे घालायचेच असतील तर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, टॅपेट, कार्बोरेटर किट, ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि साफ रेडिएटर यांवर घाला. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, तेव्हा पेट्रोलचे पाइपही बदला. आणि ब्रेक! पद्मिनीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, डिस्क नाहीत. खरंच ३० टक्के ताकद वाढली असती तर गाडी थांबवली कशानं असती, हे त्या गॅरेजवाल्यानं एकदाही विचारलं नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर बोललात तरी चालतं. माझ्याकडे व्हॉट्सॲपवरचं कोटेशन, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि शिक्क्याचे फोटो आहेत. गॅरेजवाला म्हणतो, पिस्टन चाचांनी बदलले. त्याच्या इन्स्टाग्रामवर माझ्याच गाडीच्या सायलेन्सरचा आवाज अजून जाहिरातीत वाजतोय.