मेलेली झुरळं आमची नव्हतीच

गेल्या जूनमध्ये माझे साडेचार हजार रुपये गेले, तेही झुरळांपायी. घरात अजून हसतात. हसू देत. पण झुरळं मारून देतो म्हणून ते पैसे नेणारा माणूस आता इथंच कोल्हापुरात, राजारामपुरीत घरोघरी फिरतोय असं बहिणीकडून कळलं, म्हणून सगळं लिहून काढते.

झुरळं होती, हे खरंच. रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावला की मिक्सरमागे काहीतरी सुर्रकन पळायचं. शेगडीखाली बारीक काळे कण दिसायचे. चहापूड सांडली असेल म्हणून मी रोज पुसून टाकायचे. ती झुरळांची विष्ठा होती, हे फार उशिरा कळलं.

तो आला दुपारी दोनला. फुलेवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा सासूबाई आणि मी दोघीच. पाठीवर पंप, गळ्यात ओळखपत्र, बोलणं एकदम घरातल्यासारखं. "वहिनी, खालच्या मजल्यावर आत्ताच केलंय. तिथली सगळी आता वर तुमच्याकडं येणार बघा. फुकट चेक करून देतो." फुकट म्हटल्यावर सासूबाईंनीच आत बोलावलं.

त्यानं बादलीभर पाणी मागितलं. मी आणायला गेले. परत आले तर हा सिंकखाली वाकून फवारत होता, आणि लगेच "या, बघा!" वर्तमानपत्रावर सहा झुरळं उताणी. अंगठ्याएवढी, तांबडी, चकचकीत. माझ्या अंगावर काटा आला आणि तिथंच डोकं चालायचं थांबलं. फवारा बसलेलं झुरळ उताणं पडून बराच वेळ पाय झाडत राहतं, हे प्रत्येकानं घरात पाहिलेलं असतं. ही सहाच्या सहा गप्प, पाय आखडलेले, एकाची मिशी तुटलेली. मी बघितलं सगळं, पण विचार केला नाही.

मग त्यानं विचारलं, "घरात कुणाला दमा?" सासूबाईंना आहे. झुरळांमुळे दमा वाढू शकतो हे त्यानं सांगितलं ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्याचं बाकीचंही खरं वाटलं. सहा हजारांचं काम "तुमच्यासाठी साडेचार", औषध हर्बल, गॅरंटी तीन वर्षांची. कोपऱ्याकोपऱ्यात पांढऱ्या जेलचे ठिपके लावले आणि वरून सगळीकडे पंप मारला. हर्बल औषधाला रॉकेलचा वास! वीस मिनिटांत काम आटोपलं. ऑनलाइन नको, नेटवर्क नाही, म्हणून पैसे रोख घेतले. बिल मागितलं तर पिवळं गॅरंटी कार्ड हातात दिलं.

तिसऱ्या आठवड्यात मिक्सर उचलला तर खाली तिळाएवढी पिल्लं. फोन केला, "उद्या येतो." दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. कार्डावर लक्ष्मीपुरीतल्या गाळ्याचा पत्ता होता. तिथं गेले तर पिठाची गिरणी. गिरणीवाले मामा जात्यावरून नजर न हलवता म्हणाले, "तुम्ही चौथ्या."

नंतर ज्याला बोलावलं त्यानं पंप आणलाच नव्हता. टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो आधी फ्रिजमागे बसला. मोटरजवळच्या उबेत ती होती. अर्ध्या इंचाची, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. "ताई, ही जर्मन झुरळं. घरातच राहतात, घरातच वाढतात. अंगठ्याएवढी तांबडी ती अमेरिकन, गटारीतून येतात." मी त्या सहांची गोष्ट सांगितली. तो हसला. "ती त्याच्या पिशवीतनं आली असणार."

एकेक उलगडत गेलं. जर्मन मादी तीस-चाळीस अंड्यांची डबी पिल्लं निघायच्या बेतापर्यंत पोटाला धरून फिरते. फवाऱ्यानं मोठी मरतात, डबीतली अंडी बऱ्याचदा वाचतात. जेल हे खाद्य असतं. त्यावर फवारा मारला की झुरळ त्याच्या वाटेलाच जात नाही, म्हणजे पैसे घेऊन त्यानं स्वतःचंच औषध वाया घालवलं होतं! नीट लावलेलं जेल खाऊन झुरळ फटीत जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं खाऊन बाकीचीही मरतात. आणि ही आली कुठून? एप्रिलमध्ये वर्षाच्या सामानाची पुठ्ठ्याची खोकी मी तशीच ओट्याखाली सरकवली होती, बहुतेक त्यातून.

पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा येऊन त्यानं चौदाशे घेतले, रीतसर बिलासकट. कीटकनाशक कायदा 1968 चा आहे, धंद्यासाठी फवारणी करणाऱ्याला त्याखाली परवाना लागतो, हेही त्याच्याकडूनच कळलं. त्याचा परवाना मी मागून पाहिला. पहिल्याला हे विचारायला तोंड उघडलं नव्हतं.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी बिल, पावती, पैसे दिल्याचा पुरावा मागितला. माझ्याकडे पिवळं कार्ड.

आता खोकी दारातच रिकामी करते, ओट्यामागची फट पांढऱ्या सिमेंटनं बुजवली, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी. फ्रिजमागे चिकट कागद ठेवलाय. त्यावर किती आणि कसली झुरळं अडकतात ते आठवड्यानं बघते.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. म्हटलं, तुमच्याकडं जूनमध्ये पेस्ट कंट्रोल केलं होतं ना? त्या चमकल्या. "तू सांगितलंस म्हणून केलं की गं! वरच्या वहिनींनी पाठवलंय म्हणाला."