दर वेळी तीन कोटेशन, की वर्षभराचा एकच पुरवठादार?

अंधेरी एमआयडीसी, वागळे इस्टेट किंवा वसई पूर्वेला पंधरा-वीस माणसांचं युनिट चालवणाऱ्याला हा निर्णय कधी ना कधी घ्यावाच लागतो. प्रत्येक पीओआधी (खरेदीच्या ऑर्डरआधी) तीन पार्ट्यांकडून कोटेशन मागवून सगळ्यात कमी दरवाल्याला ऑर्डर द्यायची, की एक चांगली पार्टी धरून तिच्याशी वर्षाचा दर बांधायचा? दोन्ही पद्धतींनी धंदे नीट चालतात. पण दोन्ही सगळ्यांना जमत नाहीत, आणि त्याचं कारण मालापेक्षा तुमच्या पेमेंटच्या सवयीत जास्त असतं.

तीन कोटेशनची बाजू मुंबईत फार जोरकस आहे, कारण बाजार हाकेच्या अंतरावर आहे. बेअरिंग, बेल्ट, टूल्स यांसाठी नागदेवी स्ट्रीट, वायर आणि स्विचगिअरसाठी लोहार चाळ, लोखंड-पोलादासाठी कळंबोली. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी टाकली की दुपारपर्यंत भाव हातात येतात. ठरलेल्या नंबरचा ब्रँडेड माल असेल तर तुलनाही सरळ होते. ६२०५ नंबरचं बेअरिंग कुणाकडूनही घेतलं तरी त्याच मापाचं येतं, फक्त विकणारा कंपनीचा अधिकृत डीलर आहे ना, एवढं पाहावं. नकली माल याच बाजारात फिरतो.

अडचण सुरू होते ती माल तुमच्या मापाने बनवून घ्यायचा असतो तेव्हा. पुठ्ठ्याचे खोके घ्या. तिघांनीही पाच प्लाय (पाच थर) लिहिलं, तिघांनीही तेच माप लिहिलं, आणि एकाचा दर बराच खाली आला. तो खाली कसा आला हे कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाही. कागदाचा जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) उतरवला की खोकं वजनाला हलकं होतं, आणि गोदामात थर लावल्यावर खालचं खोकं दबतं. म्हणून खोक्यांच्या कोटेशनमध्ये प्रत्येक थराचा जीएसएम, बीएफ (कागद फुटेपर्यंत किती दाब सोसतो ते) आणि तयार खोक्याचं वजन लिहून मागा, आणि माल आला की दहा खोकी काट्यावर ठेवा. हे न करता केलेली दरांची तुलना कामाची नाही. ड्रॉइंगवर बनणाऱ्या प्रत्येक पार्टला हेच लागू आहे.

कोटेशन शेजारी-शेजारी ठेवताना आणखी दोन गोष्टी सुटतात. पहिली उधारीची. पैशाची किंमत वर्षाला १२ टक्के धरली तर ४५ दिवसांचे साधारण दीड टक्का होतात. म्हणजे रोखीने ९८.५० सांगणारा आणि ४५ दिवसांच्या उधारीवर १०० सांगणारा, हे दोघे जवळपास एकाच भावाचे आहेत. प्रत्येकाकडून रोखीचा आणि उधारीचा असे दोन दर वेगळे मागितले की चित्र लगेच स्पष्ट होतं.

दुसरी जीएसटीची. पुरवठादाराने वेळेवर रिटर्न भरलं नाही तर त्याचं बिल तुमच्या २बी मध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) दिसत नाही आणि क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकतं. १८ टक्क्यांच्या मालात एक लाखाच्या बिलावर १८ हजार रुपये अडकतात. नव्या पार्टीने तीन टक्के स्वस्त दिलं म्हणून वाचले किती? तीन हजार. सहा ऑर्डरींची बचत एका बिलात जाते. त्यामुळे दर वेळी नवी पार्टी धरणाऱ्याने निदान तिचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून मागची रिटर्न भरली आहेत का, हे पीओ काढण्याआधी पाहावं.

आता वर्षाच्या दराची बाजू. इथे मिळणारी मुख्य गोष्ट म्हणजे टंचाईत नंबर आधी लागणं. कागद किंवा तांबं महागलं, जुलैत ट्रक अडकले, की पुरवठादाराकडे जेवढा माल असतो तो आधी नेहमीच्या गिऱ्हाइकाला जातो. कोटेशनपुरत्या ओळखीच्या पार्टीने तुमचा फोन उचलला नाही तर तिला दोष देता येत नाही. शिवाय डाय, नमुने, रंगाची शेड एकदाच बसवावी लागते आणि रिजेक्शन फोनवर मिटतं.

तोटाही खरा आहे. वर्षभर कुणी विचारत नाही म्हणून दर चढाच राहतो. कच्चा माल महागला की वाढ मागायला फोन येतो, उतरला की येत नाही. म्हणून करारातच सूत्र लिहावं: तांबं एलएमईच्या (लंडनच्या धातू बाजाराच्या) भावाशी, खोकी क्राफ्ट कागदाच्या किलोच्या भावाशी जोडायची, दर तीन महिन्यांनी दोन्ही बाजूंनी दुरुस्ती. खरेदीचा माणूस आणि पार्टी यांची जवळीक फार वाढली तर मालकाने अधूनमधून स्वतः बाजारात भाव विचारावा. यात कुणावर अविश्वास नाही, ती मालकाची जबाबदारी आहे.

एकाच पार्टीवर विसंबण्याचा धोका आणि नात्याची ताकद, दोन्ही एकाच घटनेत पाहायची तर १ फेब्रुवारी १९९७ ची आठवते. जपानमधल्या कारिया इथे आयसिन सेकीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा आणि टोयोटाकडे शिल्लक होती काही तासांची. कारखाने बंद पडले. पण इतर कित्येक पुरवठादारांनी आधी दर न ठरवता तो पार्ट बनवायला घेतला आणि आठवड्याभरात उत्पादन पुन्हा उभं राहिलं. टोयोटाला ही मदत मिळाली ती वर्षानुवर्षांच्या व्यवहारामुळे. तुमच्या-माझ्या आकाराच्या युनिटने तेवढ्या भरवशावर राहू नये.

म्हणून माझं मत असं. ज्या वस्तूवाचून लाइन थांबते आणि जी बाजारात तयार मिळत नाही, तिला वर्षाचा दर आणि दोन पार्ट्या, साधारण ७०-३० च्या वाटणीने. दुसऱ्या पार्टीला खरोखर ऑर्डर द्या. नुसतं कोटेशन मागत राहिलात तर ती आकडे तोंडदेखले देऊ लागते. दोघांची गोदामं एकाच सखल भागात नसावीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मुंबईत खरेदी करणाऱ्याने ध्यानात ठेवलं पाहिजे. बाकी तयार मिळणारा माल तीन कोटेशनवरच घ्या, तिथे नात्याची किंमत मोजण्यात अर्थ नाही.

पण हे सगळं वेळेवर पैसे देणाऱ्यासाठी. ९०-१०० दिवस बिल अडकवणाऱ्याला वर्षाचा चांगला दर कुणी देणार नाही, आणि दिलाच तर उशिराचं व्याज आधीच त्यात घालून देईल. कायदाही इथे पुरवठादाराच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी कराराप्रमाणे, पण ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं, म्हणून रिजेक्शन तोंडी सांगून थांबू नका. आयकरातली ४३ बी (एच) म्हणून ओळखली जाणारी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून आहे: मुदत ओलांडलेलं बिल ३१ मार्चला थकीत असेल तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच मिळतो.

वसईच्या उत्पादकाकडून घ्यायचं की नागदेवीच्या व्यापाऱ्याकडून, याचा हिशेबही इथे बदलतो. व्यापारी उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) करू शकतात, पण जुलै २०२१ च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे त्यांना तिचा लाभ प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरताच आहे. उशिराच्या पेमेंटची ही कलमं त्यांच्या बिलांना लागत नाहीत, फक्त १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर जीएसटीचं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. तुमच्या गिऱ्हाइकांकडून पैसे उशिरा येत असतील आणि ते बदलणं हातात नसेल, तर तूर्त व्यापाऱ्याकडून थोड्या चढ्या दराने उधारीवर घेणं जास्त प्रामाणिक. उत्पादकाशी वर्षाचा दर बांधायचा तो सलग तीन महिने सगळी बिलं मुदतीत गेली की मग, आणि पहिल्या बैठकीत त्या तीन महिन्यांचं पेमेंटचं स्टेटमेंट सोबत न्यायचं.